आपली लाईन कोण टाकतो?

(तृतीय वर्ष, कला)

अकरावी-बारावीची दोन वर्षे मी पनवेलमध्ये पेपरची लाईन टाकली. हे सांगताना पूर्वी थोडा संकोच वाटे. आता वाटत नाही, कारण या लेखात जो विचार मांडायचा आहे तो मला कोणत्याही पुस्तकाने दिलेला नाही, त्या लाईनीने दिलेला आहे.

पहाटे साडेचारच्या सुमारास एसटी स्टँडजवळच्या फुटपाथवर गठ्ठे उतरत. सुतळी कापायची, मुख्य अंकात पुरवण्या भरायच्या आणि मग घरांच्या क्रमाने पेपर लावून घ्यायचे. एकाच इमारतीत पहिल्या मजल्यावर 'लोकसत्ता', समोरच्या दारी 'महाराष्ट्र टाइम्स', दुसऱ्या मजल्यावर अलिबागचा 'कृषीवल' आणि जोडीला एक इंग्रजी, तिसऱ्या मजल्यावर फक्त रविवारी 'सकाळ'. कोणाला काय द्यायचे ते आमच्या एजंटकाकांच्या वहीत लिहिलेले असे. आठ-पंधरा दिवसांत ते हाताला पाठ होई. उजाडायच्या आत बहात्तर दारे उरकून मी घरी परत येत असे.

एकदा मी शहाणपणा केला. लाईनीवर एक निवृत्त मास्तर होते. त्यांच्या नेहमीच्या पेपरापेक्षा दुसऱ्या पेपराची त्या दिवशीची पुरवणी मला फार चांगली वाटली, म्हणून मी त्यांच्या दारात दुसरा पेपर टाकला. संध्याकाळी काकांनी बोलावून घेतले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "हे बघ बाळा, गिऱ्हाइकाने जे सांगितलंय ते टाकायचं. तुला काय आवडतं, मला कशात कमिशन जास्त सुटतं, ते दारापर्यंत न्यायचं नाही. आपण लाईन टाकतो, पेपर काढत नाही."

त्या वेळी हे वाक्य मला साधी धंद्याची शिकवण वाटले. आज वाटते की वाचकाच्या स्वातंत्र्याबद्दल यापेक्षा नेमके बोललेले मी अजून ऐकलेले नाही.



आज आपल्यापैकी किती जणांच्या घरी पेपर येतो? २०२० च्या टाळेबंदीत घरपोच पेपर काही काळ बंद झाले आणि अनेक घरांनी ते पुन्हा सुरूच केले नाहीत. काकांच्या जुन्या वहीत कितीतरी नावांवर काट मारलेली मी पाहिली आहे. वाचन थांबले असे मात्र म्हणता येणार नाही. पनवेलहून सुटणाऱ्या लोकलच्या डब्यात पाहा. प्रत्येक मान खाली आहे आणि प्रत्येक अंगठा चालू आहे. आपण आपल्या वडिलांपेक्षा कदाचित जास्तच अक्षरे रोज वाचत असू. फरक इतकाच की ही अक्षरे आपल्यापर्यंत आणणारा मुलगा बदलला आहे. नवा मुलगा आपली वही पाहतो, पण वहीप्रमाणे टाकत नाही. कोणत्या मजकुरापाशी आपण जास्त वेळ थबकतो याचा तो हिशेब ठेवतो आणि त्याप्रमाणे दारात माल टाकतो. आपण मागितलेला अंक कधी देतो, कधी चार दिवसांनी देतो, कधी देतच नाही. शिवाय प्रत्येक दोन पानांमागे एक जाहिरातीचा कागद सरकवतो. असा मुलगा काकांनी दुसऱ्या दिवशी कामावरून काढला असता. आपण त्याला दिवसाचे दोन-तीन तास देतो.

ही केवळ तक्रार करण्याची हौस नाही. गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. आमच्या वर्गातील एका मैत्रिणीला एक शिष्यवृत्ती मिळण्याची शक्यता होती. कागदपत्रांच्या तपासणीची तारीख संबंधित कार्यालयाने एका समाजमाध्यमावरील आपल्या पानावर जाहीर केली, आणि फक्त तिथेच केली. ती त्या पानाला 'फॉलो' करीत होती आणि ते माध्यम रोज उघडत होती. सूचना निघाली सोमवारी. तपासणी झाली गुरुवारी. तिच्या पडद्यावर ती सूचना आली शुक्रवारी. मधल्या चार दिवसांत तिला काय दिसले? एका नटीचे लग्न, क्रिकेटवरची भांडणे, आणि तिने कधीतरी चपला पाहिल्या होत्या म्हणून चपलाच चपला. तिचे वडील रिक्षा चालवतात. त्या रकमेतून तिची वर्षाची फी आणि रेल्वेचा पास निघायचा होता. तिने शिकवणीला आणखी मुले घेतली आणि वर्ष कसेबसे तरून नेले.

"लक्ष ठेवायला हवे होते," असे तिला अनेकांनी सांगितले. मला हा न्याय पटत नाही. जिने वर्गणी भरली, जी रोज दार उघडून उभी राहिली, तिचा दोष कोणता? दोष दोन ठिकाणी आहे. सार्वजनिक कार्यालयाने आपली सूचना खाजगी दुकानाच्या फळ्यावर लावली, आणि त्या दुकानाने फळ्यावरच्या सूचनांचा क्रम स्वतःच्या फायद्याप्रमाणे लावला.



यावर उपाय नव्हता असे नाही. तो होता, आजही आहे, आणि आपल्या पिढीला त्याचे नावही माहीत नाही. त्याला 'फीड रीडर' म्हणतात.

त्याची युक्ती अगदी साधी आहे. एखादे संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची एक छोटी यादी वेगळ्या फाइलीत ठेवते: शीर्षक, तारीख, मजकूर कोठे आहे तो दुवा. वाचकाजवळचा रीडर त्याने निवडलेल्या सर्व ठिकाणांच्या याद्या थोड्या थोड्या वेळाने आणतो आणि नवे काय आले ते एकाखाली एक लावतो. या यादीच्या पद्धतीला आरएसएस असे नाव आहे. (हे नाव मी वर्गात उच्चारले तेव्हा मागच्या बाकावरून 'दक्ष!' अशी आरोळी आली. तरी खुलासा करतो की या अक्षरांचा कोणत्याही शाखेशी संबंध नाही.) १९९९ साली नेटस्केप या कंपनीत ही पद्धत प्रथम निघाली आणि पुढील तीन-चार वर्षांत तिची अनेक रूपे झाली. त्यातील एका रूपावर २००० साली काम करणाऱ्यांमध्ये आरन स्वॉर्ट्झ नावाचा अमेरिकन मुलगा होता. त्याचे वय तेव्हा चौदा वर्षांचे होते! आपण चौदाव्या वर्षी काय करीत होतो याचा विचार ज्याने त्याने करावा.

म्हणजे हा रीडर एजंटकाकांसारखाच आहे. वहीत जे आहे ते, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने, सगळेच्या सगळे. मराठीतही याचा एक छोटा बहर येऊन गेला. एकेकाळी मराठी ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या पानांवर 'मराठी ब्लॉग विश्व' ची पट्टी दिसे. तिथे निरनिराळ्या लेखकांच्या नव्या नोंदी एकत्र लागत. पुण्यातला अभियंता, कोकणातला शिक्षक आणि अमेरिकेतली गृहिणी एकाच यादीत शेजारी येत.

मग बदल झाला. २००६ च्या सप्टेंबरात फेसबुकने 'न्यूज फीड' आणली. २०१६ मध्ये ट्विटरने आणि इन्स्टाग्रामने काळाचा क्रम बाजूला सारून स्वतःच्या हिशेबाचा क्रम पुढे केला. मधल्या काळात १ जुलै २०१३ रोजी गूगलने आपला 'रीडर' बंद केला. तो २००५ पासून चालू होता आणि बहुतेक फीड-वाचक त्याच एका ठिकाणी जमले होते. साहजिकच लोकांनी म्हटले, आरएसएस संपले. प्रत्यक्षात संपले होते ते एक दुकान. यादीची पद्धत कोणाच्या मालकीची नव्हती, म्हणून ती मेली नाही. आज आपण जे पॉडकास्ट ऐकतो ते बहुतेक सगळे याच पद्धतीने येतात. म्हणून तर एकच कार्यक्रम वेगवेगळ्या ॲपवर ऐकता येतो. बीबीसी मराठीचे फीड आहे, रिझर्व्ह बँकेचे आहे, पत्र सूचना कार्यालयाचे आहे. यूट्यूबच्या प्रत्येक वाहिनीलाही आहे. ते सहजासहजी दिसत नाही एवढेच.



दुकान बंद होणे आणि रस्ता बंद होणे यात फार अंतर आहे. आपल्या साहित्याच्या इतिहासातील उदाहरण घेऊ. १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडले. मराठी नवकथा आणि नवकविता ज्या मासिकाच्या पानांवर वाढली ते मासिक बंद पडणे ही मोठी घटना होती. त्याच्यावर रागावलेल्या लघुअनियतकालिकवाल्यांनाही ती लहान वाटली नसेल. पण मासिक बंद झाले म्हणून पोस्ट खाते बंद झाले नाही. लेखकाचा पत्ता लेखकाकडे राहिला, वाचकाचा वाचकाकडे. दुसऱ्या मासिकाने त्याच पोस्टाने, त्याच पत्त्यावर अंक पाठवले.

आता मासिक आणि पोस्ट एकाच मालकाचे झाले आहे. त्यामुळे मासिक बुडाले की पत्तेही बुडतात. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले. भारतीय भाषांचे माध्यम म्हणून २०२० मध्ये आलेले आणि मराठीतही चालणारे 'कू' २०२४ च्या जुलैत बंद झाले. तिथे ज्यांनी वाचक जमवले होते त्यांना ते दुसरीकडे नेता आले नाहीत. माझा मावसभाऊ आगरी बोलीत विनोदी चित्रफिती करून टिकटॉकवर टाकीत असे. आगरी बोलीला एरवी पाठ्यपुस्तकात जागा नाही, आकाशवाणीवर क्वचित; तिथे मात्र उरणपासून भिवंडीपर्यंतची माणसे त्याला ओळखू लागली होती. २९ जून २०२० ला सरकारने ते ॲप इतर अठ्ठावन्न ॲपसह बंद केले. बंदी योग्य की अयोग्य हा इथला मुद्दा नाही. मुद्दा असा की त्याच्या प्रेक्षकांपैकी एकाचाही पत्ता त्याच्याजवळ नव्हता. दोन वर्षांचा गोतावळा एका रात्रीत परका झाला. त्याने नंतर दुसऱ्या माध्यमावर पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा दुसऱ्याच्याच जागेत!



या प्रश्नाला जगात जे उत्तर शोधले जात आहे त्याला 'खुले सामाजिक जाळे' म्हणता येईल. नाव जड आहे, कल्पना जुनी आहे. ती समजावी म्हणून पुन्हा पोस्टाकडे जाऊ.

१८७४ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे बावीस देशांनी एक करार केला. त्यातूनच पुढे जागतिक टपाल संघ उभा राहिला, आणि १८७६ साली भारत त्यात सामील झाला. करार असा की प्रत्येक देशाचे पोस्ट स्वतंत्र राहील, तिकिटे स्वतंत्र, नियम स्वतंत्र; पण एकमेकांची पत्रे सर्वांनी पोचवायची. म्हणून पनवेलच्या पोस्टात टाकलेले पत्र लंडनला जाते, आणि त्यासाठी पनवेलकराला लंडनच्या पोस्टाचे सभासद व्हावे लागत नाही.

समाजमाध्यमांचा असा करार नाही. एका कंपनीच्या खात्यावरून दुसऱ्या कंपनीच्या खात्याला पत्र जात नाही. २०१८ च्या जानेवारीत वेबचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेने 'ॲक्टिव्हिटीपब' नावाचा संकेत मान्य केला. तो म्हणजे एक प्रकारे या क्षेत्रातला बर्नचा करार. 'मॅस्टोडॉन' हे त्यावर चालणारे सर्वांत परिचित माध्यम. ते २०१६ मध्ये जर्मनीतील ऑयगेन रोख्को या विशीतल्या तरुणाने सुरू केले. त्यात एक मालक नाही. शेकडो ठिकाणी निरनिराळ्या लोकांनी सर्व्हर चालवले आहेत, आणि एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाचे लिखाण वाचू शकतो, त्याला उत्तर देऊ शकतो. सर्व्हर बदलला तर आपले अनुयायी बरोबर नेता येतात. 'ब्लूस्काय' हे दुसरे माध्यम वेगळ्या खुल्या संकेतावर उभे आहे. तिथे मजकूर कोणत्या क्रमाने दिसावा याचे नियम इतरांना लिहिता येतात आणि त्यातला कोणता वापरायचा ते वाचक ठरवतो.

येथे मला असे सुचवायचे आहे की या खुल्या जाळ्याला खरी गरज आणखी एका माध्यमाची नाही. त्याला चांगल्या वाचनकक्षाची गरज आहे. लिहिणारे कोठेही लिहोत, कोणी स्वतःच्या संकेतस्थळावर, कोणी मॅस्टोडॉनवर, कोणी ब्लूस्कायवर, कोणी आवाजात. वाचकाने एका जागी बसावे आणि त्याने निवडलेले सर्व त्याच्यासमोर यावे. म्हणजेच जुना फीड रीडर पुन्हा बाहेर काढावा. पण जसाच्या तसा नको. त्याचेही दोष होते, आणि त्यांचा विचार केल्याशिवाय त्याची आरती ओवाळण्यात अर्थ नाही.

पहिला दोष मी स्वतः अनुभवला. मी मोबाइलवर एक रीडर घेतला आणि उत्साहाने चाळीस ठिकाणे जोडली. मध्ये परीक्षा आली. आठ दिवसांनी उघडतो तो वर आकडा : न वाचलेले ६१३. सावकाराचा निरोप यावा तसे वाटले आणि मी तो बंद केला. याचे कारण असे की जुने रीडर ई-मेलच्या पेटीसारखे बांधलेले होते. पेटीतले प्रत्येक पत्र उघडायचे असते. वाचनाचे तसे नसते. आपल्या पनवेलच्या के. गो. लिमये वाचनालयात जा. तेथे मेजावर पेपर मांडलेले असतात. आपण चाळतो, दोन बातम्या वाचतो, उठतो. "तुमचे सहाशे तेरा अंक वाचायचे राहिले," असे तेथे कोणी सांगत नाही.

घरात येणाऱ्या कागदाचे आपण पूर्वीपासून तीन प्रकार करीत आलो आहोत. रोजचा पेपर आला, वाचला किंवा न वाचला, रद्दीत गेला. पत्र आले तर ते हातात घेतल्याशिवाय, वाचल्याशिवाय बाजूला ठेवत नाहीत. आणि दिवाळी अंक आला तर तो महिनोन्महिने उशाशी राहतो, शेजारी जातो, परत येतो. नव्या रीडरला हा भेद कळला पाहिजे. बातम्या वाहून जाऊ द्याव्यात. त्यांचा आकडा दाखवू नये. मित्राचा निरोप, शिष्यवृत्तीची सूचना, अतिवृष्टीचा इशारा हे वाचल्याशिवाय हलू देऊ नये. लांब लेख आणि कथा शांतपणे कपाटात ठेवाव्यात. आणि कोणत्या ठिकाणाचा मजकूर कोणत्या ढिगात जाईल ते वाचकाने सांगावे.

दुसरा दोष म्हणजे जुना रीडर मुका होता. वाचून झाल्यावर काही म्हणावेसे वाटले तर दुसरीकडे जावे लागे. लोक फेसबुककडे गेले याचे हेही एक मोठे कारण आहे, आणि ते समजून घेतले पाहिजे. माणसाला नुसते वाचायचे नसते, "अहो, हे पटले नाही" असे सांगायचेही असते. मराठी नियतकालिकांतील पत्रव्यवहाराचे पान कित्येकदा मूळ लेखापेक्षा आवडीने वाचले जाते. नव्या संकेतांनी ही सोय केली आहे. जिथे वाचतो तिथूनच उत्तर लिहावे आणि ते लेखकाच्या जागी पोचावे.

तिसरी गोष्ट निवडीची. 'सगळे, काळाच्या क्रमाने' हा नियम चाळीस ठिकाणांना चालतो, चारशेंना चालत नाही. निवड करणारा कोणीतरी लागतोच. माझा विरोध निवडीला नाही. वाचनालयातले ग्रंथपालही निवड करतात. "हे नेऊन पाहा, तुम्हाला आवडेल," असे म्हणतात. पण त्या सूचनेतून त्यांना चपला विकायच्या नसतात, आणि त्यांची निवड आवडली नाही तर आपण स्वतः कपाटापाशी जाऊ शकतो. निवड करणारा वाचकाने नेमलेला असावा, त्याचा नियम उघड असावा आणि त्याला काढून टाकता यावे, इतकीच मागणी आहे.

आणि शेवटची गोष्ट वहीची. कोणकोणती ठिकाणे आपण वाचतो ती यादी वाचकाच्या मालकीची हवी. फीड रीडरमध्ये ही यादी एका लहान फाइलीत बाहेर काढता येते आणि दुसऱ्या रीडरमध्ये घालता येते. म्हणूनच २०१३ साली गूगलचे दुकान बंद झाले तेव्हा जे सावध होते ते आपली वही उचलून शेजारच्या दुकानात गेले. 'कू'वरच्या लोकांजवळ अशी वही नव्हती.



आता आक्षेपांकडे वळू. हा विषय मी मित्रांपुढे मांडला तेव्हा तिघांनी तीन आक्षेप घेतले. तिन्ही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला म्हणाला, "आपल्याला हवे तेच वाचत बसलो तर माणूस विहिरीतला बेडूक होईल." खरे आहे. पण आजचे यंत्र आपल्याला विहिरीबाहेर काढते काय? तेही विहीरच खोदते, आणि राग येईल अशा गोष्टी वरून टाकत राहते, कारण रागावलेला माणूस लवकर उठत नाही. आपली यादी आपल्या हातात असेल तर तिच्यात न पटणारा एक संपादक मुद्दाम घालणे निदान शक्य तरी आहे. आमच्या लाईनीवर परस्परविरोधी मतांचे दोन पेपर घेणारी घरे होती.

दुसरी म्हणाली, "खुले म्हटले की गुंडही येणार. मुलींना शिव्या देणाऱ्यांना तिथे कोण आवरणार?" हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. खुल्या जाळ्यात प्रत्येक सर्व्हर आपापले नियम करतो आणि त्रासदायक सर्व्हरशी संबंध तोडू शकतो. पण ते काम फुकट राबणाऱ्या माणसांवर पडते आणि ती थकतात. याचे पुरेसे उत्तर अजून मिळालेले नाही असे मला वाटते. एवढे मात्र म्हणता येईल की एका सर्व्हरच्या चालकाने दुर्लक्ष केले तर तिथून उठून आपल्या मैत्रिणींसह दुसरीकडे जाता येते. एकाच मालकाच्या राज्यात तेवढीही सोय नाही.

तिसरा व्यवहारी होता. तो म्हणाला, "तिथे मराठी माणूस आहे का?" या प्रश्नावर मी निरुत्तर झालो. मी मॅस्टोडॉनवर खाते काढले तेव्हा मराठी लिखाण शोधून शोधून सापडले. २०१९ च्या नोव्हेंबरात ट्विटरवर नाराज होऊन अनेक भारतीय तिकडे गेले होते. सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्याचे ते निमित्त होते. पण त्यांच्यातील बरेच जण परतले, कारण ओळखीची माणसे जुन्याच आळीत होती. नुसते नवे घर बांधून गाव वसत नाही. म्हणून तर माझा भर नव्या माध्यमावर नसून रीडरवर आहे. रीडर वापरायला कोणी गाव सोडावे लागत नाही. जे मराठी लिखाण आज संकेतस्थळांवर आहे ते त्याच्यात लगेच येते. उद्या खुल्या जाळ्यावर जे येईल तेही येईल.



आपण काय करू शकतो? मोठ्या कंपन्यांना उपदेश करण्याइतका मी भोळा नाही. आपल्या आवारातल्या तीन गोष्टी सुचवतो.

महाविद्यालयाच्या सूचना, म्हणजे परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्त्या, वेळापत्रकातील बदल, प्रथम महाविद्यालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, फीडसह लागाव्यात. मग त्या कोणत्याही ॲपवर जाव्यात. याला खर्च जवळपास नाही, कारण संकेतस्थळे ज्या साधनांनी बनतात त्यातील बहुतेकांत ही सोय मुळातच असते. देशात आपत्तीचे इशारे देणाऱ्या 'सचेत' या यंत्रणेचेही खुले फीड आहे. ज्या पनवेलकरांना गाढी नदीचा पावसाळा ठाऊक आहे त्यांना इशारा वेळेवर मिळण्याची किंमत सांगायला नको.

दुसरे, मराठी विभागाने आणि ग्रंथालयाने मिळून एक वही करावी. मराठीत आज नियमित, चांगले लिहिणाऱ्या ठिकाणांची यादी, फाइलीच्या स्वरूपात, जी कोणीही आपल्या रीडरमध्ये घालू शकेल. दरवर्षी नव्या वर्गाने त्यात भर घालावी आणि बंद पडलेली ठिकाणे काढावीत. हे काम एखाद्या प्रकल्पाइतकेच मोलाचे आहे.

तिसरे, या वार्षिक अंकातील लेखन छापील अंकाबरोबरच खुल्या पत्त्यावर राहावे. आपल्यातले कोणी आगरीत लिहिते, कोणी कविता करते. त्यांचा वाचक त्यांच्याबरोबर राहील असा पत्ता त्यांना पहिल्याच लेखापासून मिळाला तर माझ्या मावसभावासारखी पुन्हा शून्यापासून सुरुवात करण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही.

माझ्या लाईनीवर आता दुसरा मुलगा आहे. परवा पहाटेच्या गाडीसाठी स्टँडवर गेलो होतो, तेव्हा काका गठ्ठे मोजीत होते. पूर्वीपेक्षा गठ्ठे कमी आहेत. मी त्यांना या लेखाचा विषय समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे मोबाइलमध्ये लाईन टाकणारा कोणाचा माणूस असतो? गिऱ्हाइकाचा की पेपरवाल्याचा?"

मी म्हणालो, "काका, सध्या तरी जाहिरातवाल्याचा."

"मग पैसे कोण देतं त्याला?"

"आपण देत नाही. तिथेच तर गोम आहे."

काकांनी मान हलवली आणि नव्या मुलाला हाक मारली. मास्तरांच्या घरचा पेपर वेगळा ठेवला आहे का, म्हणून विचारले. मास्तर आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या दारात अजूनही रोज पहाटे तोच पेपर पडतो, जो त्यांनी सांगितला होता. आपल्यालाही निदान तेवढे मिळावे, असे मला वाटते. मित्रहो, आपण मागू लागलो तर ते मिळण्यासारखे आहे.